जावयाबद्दल काही तक्रार नाही

कोतो अंबालाऊ, ६ मार्च २०११

उनी यूस,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र येऊन किती दिवस झाले ते मी मोजत नाही, मोजले तर लाज वाटेल. रोज सकाळी ठरवायचो की आज लिहायचंच, आणि रोज काहीतरी निघायचं. परवा तर पेन घेऊन बसलोसुद्धा. तेवढ्यात समोरून एकजण कोंबडा विकायला नेत होता. त्या कोंबड्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड होता. तो कशानं, हे विचारत विचारत मी खालच्या पाण्याच्या चक्कीपर्यंत गेलो आणि तिथे जेवूनच परत आलो. ताई म्हणून तू रागावणार हे माहीत आहे. फोन केला असता, पण फोनवर मी पंधरा गोष्टी बोलतो आणि कामाची सोळावी राहून जाते असं तूच म्हणालीस. म्हणून भरलेल्या कागदांच्या पाकिटातच हे पत्र घालून मिनीबसवाल्याकडे देतो.

कागद बहुतेक भरून झाले. पाय मोडले माझे. इथली घरं एकमेकांपासून अशी लांब बांधली आहेत की जणू शेजाऱ्याशी भांडूनच पाया घातलाय. प्रत्येक घरी तेच बोलायचं, तू पाठ करून घेतलंस तसं: मोठ्या माणसाचं लक्ष टिकत नाही, हातातलं काम सुटतं, वस्तू हरवतात, जागेवर बसवत नाही, हा नुसता आळस नसून कधी कधी आजार असतो, त्याला एडीएचडी म्हणतात, तो ओळखायची परदेशी प्रश्नावली आपल्या मिनांग बोलीत केली आहे, ती आपल्याकडे खरं मोजते की नाही ते बघायचंय. एक कागद माणसानं स्वतःबद्दल भरायचा, एक त्याच्या घरातल्यानं त्याच्याबद्दल. हे इतक्यांदा बोललो की परवा नमाजात तेच तोंडात आलं.

चहाच्या टपरीवर सगळे डोमिनो खेळत होते, तिथे मी ‘एका जागी करमत नाही, कुठेतरी निघून जावंसं वाटतं’ हा प्रश्न वाचला. सगळ्यांचे हात वर! पा ताहेर म्हणाला, "अरे पोरा, आपल्यात मिसरूड फुटलं की मुलाला परमुलखात पाठवतात. जात नाही त्याला विचारतात, काय रे, बायकांत राहायचंय का? हा आजार असेल तर सगळा गाव ट्रकमध्ये घाल आणि ने पदांगला." दुसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "यालाच आधी न्या. पंधराव्या वर्षी गेला, बाताम झालं, मलाया झालं, दोन हॉटेलं आणि एक बोट बुडवून आला." बोट मी बुडवली नव्हती, ती आधीच गळत होती. ते पुढे कधीतरी सांगेन.

रांगेत उभं राहण्याबद्दलचा प्रश्न बदल. ‘कुठली रांग?’ असं सगळे विचारतात.

आता मुद्द्याचं. दा शाफनं कागद भरला. मला वाटलं होतं आपला थोरला भाऊ हसण्यावारी नेईल, पण तो टपरीच्या मागे जाऊन एकटा बसला आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘नेहमी’वर खूण केली. मग म्हणाला, "इझोन, याला औषध असतं?" मी म्हटलं, आधी दोन्ही कागद जुळायला हवेत, मग जाकार्ताहून आलेले डॉक्टर मुलाखतीला बोलावतात. तो म्हणाला, "जुळतील. घरचे तर मला रोज बघतात." तुला माहीत नसेल, दोन महिन्यांपूर्वी तो लेकीला पायाकुंबूहच्या बाजारात विसरून भाजी घेऊन घरी आला होता. पोर मिळाली, एका कापडवालीनं बसवून ठेवली होती. पण तेव्हापासून तो कुणाकडे नीट बघत नाही.

आणि त्याचं सासर किती भलं! मी कागद घेऊन गेलो तर युलिदारवहिनीनं पेन धरलं आणि तिची आई, माक नुरबैती, शेजारी बसून सांगत गेली: "कधीच नाही. कधीच नाही. पुढचं? कधीच नाही." अगं, त्याचा मान बघ. पूर्वी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खायचा, आता त्याचा चहा तबकात, बशीवर झाकण घालून येतो. सासू त्याला नावानं नाही, लग्नात मिळालेल्या मानाच्या पदवीनं हाक मारते. रोज सकाळी त्याची मोटरसायकल कुणीतरी पुसून, तोंड रस्त्याकडे करून ठेवतं. असं सासर मला मिळालं तर मी कुठेही जाणार नाही.

तुझा
इझोन

पदांग, १५ मार्च २०११

इझोन,

वालैकुम सलाम. पाकीट मिळालं. दोन कागदांवर तेलाचे डाग आहेत आणि एकाच्या पाठीवर तू बोटीचं चित्र काढलं आहेस. असू दे. मला आता रागावायलाही अंगात त्राण लागतं.

हे तिसरं वर्ष. दोघांनी वेगवेगळी भाषांतरं केली, तिसऱ्यानं ती परत मूळ भाषेत उलटवली, मग सगळ्यांनी बसून एकेका शब्दावर वाद घातला, मग पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून काल आकडे काढले. बायकांचे कागद ठीक आहेत. लग्न न झालेल्या मुलांचे ठीक आहेत. लग्न झालेल्या पुरुषांचं मात्र, स्वतः एक सांगतात आणि घरचे दुसरंच. घरच्यांच्या कागदांवर सगळीकडे शून्य. गावातले सगळे नवरे देवदूत! प्राध्यापक म्हणाले, एकतर तुझी प्रश्नावली मोडकी आहे, नाहीतर कागद नेणारा तुझा पोरगा टपरीवर बसून स्वतःच ते भरतो. मी म्हटलं, तो इतका वेळ एका टपरीवर बसणार नाही.

मग परवा जेवताना मी सहज आईला विचारलं, "अन्वरबद्दल तुझं काय मत?" माझा नवरा कसा आहे ते तुला माहीतच आहे. तो फ्रीज उघडा ठेवतो, गॅस चालू ठेवतो, गेल्या महिन्यात माझ्याच आत्याच्या मयतीला जायचं विसरला. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "आमचे जावई? सोन्यासारखा माणूस. काही तक्रार नाही." तो उठून गेल्यावर मला म्हणाली, "उद्या गॅसची नळी मी काढून ठेवते. तू काही बोलू नकोस त्यांना."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. लग्न झालं की आपला पुरुष बायकोच्या आईच्या घरी राहतो. ‘घरातल्या माणसानं भरावा’ असं आपण लिहिलं आणि तो कागद नेमका त्याच्या सासरी नेऊन दिला! जावयाची उणीदुणी परक्याला कोण लिहून देईल? ते त्याच्यासमोर ‘मीठ कमी खा’ असंसुद्धा सरळ म्हणत नाहीत. तीन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि जावई रोज माझ्या शेजारी जेवतो.

समितीला लिहिलं आहे. परवानगी आली की लग्न झालेल्या पुरुषांचा दुसरा कागद त्यांच्या आईच्या घरी न्यायचा, बहिणीकडे नाहीतर मामाकडे. आणि त्यांचा स्वतःबद्दलचा पहिला कागदही, त्यांची मर्जी असेल तर, पुन्हा भरून घ्यायचा.

आता दा शाफ. दोन्ही कागद जुळले नाहीत, म्हणून नियमानं तो यादीबाहेर गेला आहे. त्याचा कागद मी हातात घेतला आणि लगेच कामावरच्या दुसऱ्या बाईंकडे दिला. मावसभाऊ असला तरी आपल्यात तो माझा सख्खाच, मला त्याच्या कागदाला हात लावता येत नाही. लहान असताना त्यानं मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती आणि मधेच मासा दिसला म्हणून मला दगडावर ठेवून गेला होता. डॉक्टर एप्रिलअखेर जातात, मग हे काम बंद.

अजून एक. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. हसत होती. मोटरसायकलच्या जागी थांबली. मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तोंड रस्त्याकडे? आणि चहा तबकात? अगं, ते पोराला जा म्हणतायत." इझोन, तू फार लहानपणी बाहेर गेलास म्हणून तुला कळलं नसेल. आपल्याकडे जावयाला हाकलत नाहीत, त्याला पाहुणा करतात. पाहुण्याला कळायला हवं की मुक्काम संपला.

मावशी गेल्यापासून आपल्या घरात वडीलधारं म्हणून मकदांगमामांशिवाय कोणी उरलेलं नाही. त्यांच्याकडे जा.

यूस

कोतो अंबालाऊ, २ एप्रिल २०११

उनी,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. मी! बसून राहिलो! म्हणजे बघ.

आधी चांगली बातमी. बहिणींच्या घरी कागद नेले आणि काय सांगू. जागा पुरली नाही. पा ताहेरच्या बहिणीनं ‘नेहमी’वर खूण करून शेजारी लिहिलं की ‘नेहमी म्हणजे जन्मापासून’. एकीनं भावाच्या कागदाच्या पाठीवर तीन म्हशींची हकिगत लिहिली आहे, ती वाच, म्हशी खरंच गेल्या. सगळ्या अशा खुशीत भरत होत्या की मला दोन घरी नारळ-गुळाची गलामाई खाऊ घातली. तुझे आकडे आता उठून उभे राहतील.

आपल्या घरचं मात्र अवघड आहे.

मकदांग संध्याकाळी आले, रोज येतात तसे, तीन खोल्यांतून फिरून, कौलं बघून, ओट्यावर बसले. मी कागद पुढे केला.

"कुणाचा?"

"दा शाफचा."

"कोण?"

उनी, तुला सगळं माहीत आहे तरी लिहितो, कारण मी तेव्हा मलायात होतो आणि मला हे टपरीवर कळलं. मकदांगना कुळाची पदवी मिळाली तेव्हा आमंत्रणाचं विड्याचं पान घेऊन घरोघर जायचं काम थोरला भाचा म्हणून दा शाफकडे होतं. वरच्या कुळाच्या घराकडे जाताना वाटेत कुणाचा तरी पंप बंद पडलेला दिसला. तो दुरुस्त करायला बसला. पंप चालू झाला, सगळे खूश, हा घरी आला. पान खिशातच. समारंभाच्या दिवशी वरच्या कुळातला एकही माणूस आला नाही, आणि पुढे मकदांगना पांढरं डोकं खाली घालून त्यांच्या दारात माफी मागायला जावं लागलं. चार वर्षं झाली. मामा भाच्याशी बोलत नाही.

मला वाटलं, राग आहे ना, मग बरंच. रागावलेला माणूस भराभरा लिहील. म्हणून मी म्हटलं, "मकदांग, पानाची गोष्टच लिहा. तीच हवी आहे त्यांना."

ते म्हणाले, "पानाची कशाला? सुरावात होता तेव्हापासूनची सांगतो." आणि सांगायला लागले. लहानपणी सगळी पोरं त्या कुळाच्या नमाजघरात, सुरावात, त्यांच्याकडे कुराण शिकायला आणि झोपायला असायची. दा शाफ एकदा ऐकलं की अख्खा धडा म्हणून दाखवायचा, आणि पुढच्या धड्यात मधेच उठून पाखरामागे जायचा. चपला कधी दोन्ही पायांच्या सारख्या नसत. मार खायचा, रडायचा, माफी मागायचा, दुसऱ्या दिवशी तेच. "मुद्दाम करत नव्हता. मुद्दाम करणारी पोरं मला कळतात. तू मुद्दाम करायचास."

मी पेन पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"हे बोलायला झालं. लिहून कसं देऊ? पदांगचे लोक काय वाचतील? की मामाला भाचा वाढवता आला नाही. आणि तो राहतो कुठे? सासरी. त्यांची काही तक्रार आहे का?"

"नाही म्हणतात."

"मग? ज्यांच्या घरात राहतो ते नावाजतात आणि मामा बदनामी करतो, असं होय? आधी त्यांनी तोंड उघडावं. मग बघू."

म्हणून मी वर दा शाफच्या सासरी गेलो. माक नुरबैतीनं मला चटई घातली, चहा दिला, आपल्या घरची कौलं गळतात का ते विचारलं. मी म्हटलं, "माक, तुम्ही खरं लिहिलंत तर त्याला डॉक्टर भेटतील. बाजारातलं तरी लिहा." त्या हसल्या, "आमच्या जावयाबद्दल? छे. काही तक्रार नाही. मामांनी काय लिहिलंय?" मी म्हटलं, मामा तुमची वाट बघतायत. "आम्ही कसं आधी बोलणार? मुलगा त्यांचा."

दोन घरांच्या मधे ती टेकडी आहे ना, मी ती इतक्यांदा चढलोय की वाटेतला कुत्रासुद्धा आता भुंकत नाही. येताना युलिदारवहिनी कुंपणापर्यंत आली. म्हणाली, "भाऊजी, त्यांना रात्री बाहेर एकटं झोपू देऊ नका. टपरीच्या बाकावर झोपतात हल्ली." एवढंच बोलली आणि आत वळली, कारण आईनं हाक मारली.

मी दमलोय, उनी. मला वाटायचं फिरणं मला कधी जड जाणार नाही.

इझोन

पदांग, ११ एप्रिल २०११

इझोन,

थोडक्यात लिहिते, डोळे मिटतायत. नवे कागद घातले आणि दोन्ही बाजू जुळल्या. प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर म्हटलं की प्रश्नावली टिकली. सहकाऱ्यांनी केक आणला. मी एक तुकडा खाल्ला आणि घरी येऊन झोपले. आनंद व्हायला हवा होता, तो बहुधा मागच्या वर्षीच वापरून झाला.

म्हशींची हकिगत वाचली. प्रश्नावलीत बसत नाही, पण मी टाकली नाही.

दा शाफच्या घरी आता कुणावरही जोर करू नकोस. ना मकदांगवर, ना माकवर. मनाविरुद्धचं उत्तर मला नको आहे, ते शून्यापेक्षा वाईट. काल क्षणभर वाटलं की मीच भरावं. बहीण आहे, मासा दिसला तो दिवस मला आठवतो. पण मीच भरणार, मीच मोजणार, मग या तीन वर्षांना काय अर्थ? रात्री अन्वरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू लिही ना, मी कुणाला सांगणार नाही." तो खरंच सांगणार नाही. तो विसरेल.

पंचवीस तारखेला शेवटचं पाकीट घेतात. डॉक्टरांच्या यादीत दोन जागा आहेत. त्यापुढे मोठ्यांना या आजारासाठी बघणारं इकडे कोणी नाही, जाकार्ताला जावं लागेल, आणि तो जाणार नाही हे आपल्याला माहीत आहे.

आणि तुझा स्वतःचा कागद? तुझा एकट्याचा आलेला नाही. इथे सगळे विचारतात.

यूस

कोतो अंबालाऊ, २३ एप्रिल २०११

उनी,

माझा कागद हरवला. हसू नकोस. दुसरा घेतला होता, तो कुठेतरी ठेवला आहे.

दा शाफ घरी आला आहे. आपल्या घरी, त्याच्या आईच्या. बुधवारी दुपारी मोटरसायकल अंगणात लावली, एक पिशवी आणली, आणि आईच्या खोलीत जाऊन झोपला. उठला तेव्हा म्हणाला, "चहा तबकात आणत होते तोपर्यंत ठीक होतं. आज लेकीनंसुद्धा मला पदवीनं हाक मारली. तिला कुणी शिकवलं असेल?" मग म्हणाला की तो बातामला जाणार, माझ्या ओळखीनं कुठे काम मिळेल का. परमुलखात जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, उलट मानानं निरोप देतात. मी म्हटलं, पोरं? तो म्हणाला, "मी नसलो तर निदान बाजारात हरवणार नाहीत."

उनी, परमुलखाबद्दल मी एवढी वर्षं टपरीवर थापा मारल्या, पण त्याला खरं सांगितलं. की तिथे सकाळी उठवणारं कोणी नसतं. की मी ज्या खोलीत राहिलो तिथे सगळे असेच होते, घरून मानानं निरोप मिळालेले. तो ऐकत होता, मग मधेच उठून आपली गळकी पन्हळ नीट करायला गेला. फार छान केली. मग शिडी रस्त्यात विसरला आणि मकदांग तिच्यावर आपटले.

म्हणजे मकदांग आज सकाळी आले. त्याला बघून परत फिरतील असं वाटलं, पण फिरले नाहीत. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, गुडघा चोळत. मधे मी. मग सुरू झालं.

"त्याला विचार, जेवलाय का."

"दा शाफ, जेवलास का?"

"सांग, जेवलो."

"त्याला सांग, शिडी माणसाच्या वाटेत ठेवत नसतात."

"सांग, चुकलं."

"त्याला विचार, बातामला समुद्र खवळला की काय करणार आहे. पोहता येत नाही त्याला. मी शिकवायला नेलं होतं, हा काठावर खेकडे बघत बसला."

यावर दा शाफ हसला. मकदांग नाही हसले, पण सिगारेट पेटवायला घेतली ती उलटी धरली होती. मी हळूच कागद त्यांच्या बाजूला सरकवला. त्यांनी बघितला आणि तसाच राहू दिला. म्हणाले, "त्याला सांग, मी एकटा लिहिणार नाही. एका बाजूचा कागद म्हणजे चहाडी."

मी जोर केला नाही. तू सांगितलंस म्हणून नाही, अंगात जोरच नव्हता. दा शाफ आत जाऊन पिशवी भरू लागला. उद्या पहाटेची बस आहे म्हणतो. मिनीबसवाला दुपारी जाईल, त्याच्याकडे द्यायला हे पत्र लिहितोय, आणि पाकिटात त्याचा कागद नाही हे तुला सांगायचं होतं. तू शेवटच्या दिवशी वाट बघत बसू नयेस. दोन जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळोत. मी जमेल तेवढं

थांब.

फाटकापाशी कुणीतरी आहे. मला वाटलं मिनीबसवाला लवकर आला. नाही. माक नुरबैती आहेत. एकट्या. त्या टेकडीवरून चालत, काळी छत्री टेकत. लग्नानंतर त्या या घरी एकदाही आल्या नव्हत्या, जावयाच्या आईच्या घरी सासू कशाला येईल? मी आधी त्यांच्या हातांकडे बघितलं. त्याचे राहिलेले कपडे घेऊन आल्या असतील तर सगळं संपलं. छत्रीशिवाय हातात काही नाही.

मकदांग उठून उभे राहिले आहेत. दुखऱ्या गुडघ्यावर. दा शाफ दारात, हातात एक चप्पल. माकनी सलाम केला, बसल्या, दम खाल्ला. पाणी दिलं तर नको म्हणाल्या. मग मकदांगना म्हणाल्या, आणि हे मी त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितोय:

"माझ्या घरी तो पाहुणा आहे, तिथे माझं तोंड उघडत नाही. इथे मी पाहुणी आहे. इथे मला बोलता येईल. पोरगी रोज विचारते, बाबा कुठे. तुम्ही तिकडून सांगा, मी इकडून सांगते. या मुलाला लिहू दे."

दा शाफ खाली बसलाय. मकदांग त्याच्याकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही, त्याच्याकडे, "शाफ, दिवा लाव, आत अंधार आहे."

कागद भरून होईपर्यंत मिनीबसवाल्याला थांबवायला हवं. मी पळतो.